लाखाचा डब्बा

आमच्या अण्णांचा डावा गुडघा निकामी झाला नसता, तर मला नोकरी लागली नसती. म्हणून देवापुढं हात जोडताना मी त्यांच्या गुडघ्याला बरं वाटो असं म्हणतो, पण फार जोर लावून म्हणत नाही.

अण्णा म्हणजे माझे मालक. मुरुडला त्यांचं पाणबुडी मोटारी आणि पाईपांचं दुकान आहे. लातूरच्या दवाखान्यात गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, क्लच दाबायचा नाही. अण्णा दुकानाची पिकअप स्वतः चालवणारे माणूस. त्यांनी जुनी गाडी विकून चार दरवाज्यांची डिझेल पिकअप आणली, कंपनीतूनच ऑटोमॅटिक गिअर बसवून आलेली. क्लच नाहीच. दोन महिने त्यांनी ती हौसेनं चालवली, मग उजवा गुडघाही कुरकुर करायला लागला. तेव्हा ड्रायव्हर हवा झाला.

त्याच आठवड्यात मी धर्माबादहून मिरचीची पोती घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर मुरुडच्या बाजारात आलो होतो. माझं गाव हिमायतनगरच्या पलीकडं. आठवीत मी शाळा सोडली, आणि शाळेनंही मला फारसं अडवलं नाही. तेव्हापासून गाड्यांवरच. चहाच्या टपरीवर अण्णांनी विचारलं, "ऑटोमॅटिक चालवलीय का?"

मी म्हणालो, "हाव. हैदराबादला."

हैदराबाद मी पाहिलं होतं. तिथं ऑटोमॅटिक गाडीही पाहिली होती, रस्त्याच्या पलीकडून.

पहिल्या दिवशी सहा इंची पाईप भरून निघालो. गतिरोधक आला. पंधरा वर्षांची सवय, डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. क्लच दाबतो तसा पूर्ण ताकदीनं दाबला. मागचे पाईप सरकत येऊन केबिनच्या काचेला टेकले आणि अण्णांची टोपी डॅशबोर्डवर जाऊन बसली. अण्णांनी टोपी उचलली, झटकली, परत घातली. मग शांतपणे विचारलं, "हैदराबादला असंच चालवतात का?"

मी म्हणालो, तिकडं ट्रॅफिक लई असतं.

त्या दिवसापासून महिनाभर मी डावी चप्पल काढून पाय मांडीखाली दुमडून गाडी चालवली. मांडी घालून गाडी चालवणारा ड्रायव्हर म्हणून मुरुडात माझी ओळख झाली. लोकांना वाटायचं, मी फार धार्मिक आहे.

आता मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. दुकानासमोरच त्यांचं गॅरेज. गिअरबॉक्सला आमच्याकडं डब्बा म्हणतात, आणि मिस्त्री डब्ब्याचेच मिस्त्री. ट्रॅक्टरचा, टेंपोचा, पिकअपचा कुठलाही डब्बा ते गोणपाटावर मांडून बसायचे. बायका तूर निवडतात तसे दातरे, म्हणजे दात्यांची चाकं, निवडायचे. मी कामाला लागलो त्याच आठवड्यात एकदा त्यांनी आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं, बोटानं डब्ब्यावर टकटक केली, कान लावला, आणि चार माणसांत जाहीर केलं की हा डब्बा लाख किलोमीटर बघणार नाही. ऑटोमॅटिक शहरातल्या गुळगुळीत रस्त्यासाठी असतं, ढेकळातून पाईप ओढायला नसतं. आत तेलच दाबानं काम करतं, ते तेल तापलं की पट्ट्या जळतात, आणि मग पुढचा गिअर टाकला तरी गाडी रुसलेल्या बाईगत जागची हलत नाही.

अण्णा म्हणाले, "आन् झाले लाख तर?"

तिथं शर्त लागली. आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगतो, लातूरकडं वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, हा मोठा सण. मला इथं येईपर्यंत तो ठाऊक नव्हता. त्या दिवशी सगळं गाव शेतात. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील मोठ्या मडक्यात भरून, डोक्यावर घेऊन शेतात न्यायची. त्या मडक्याला बिंदगी म्हणतात. शर्त अशी ठरली: डब्बा लाखाच्या आत गेला तर अण्णा बिंदगी डोक्यावर घेऊन मिस्त्रींच्या शेतात जाणार, बदललेल्या गुडघ्यासकट. आणि लाख पार झाले तर मिस्त्री अण्णांच्या शेतात आणणार.

सगळे हसले. मी पण हसलो. संध्याकाळी शटर ओढताना अण्णा सहज बोलून गेले. डब्बा गेला तर दुरुस्तीच्या भानगडीत पडणार नाही. गाडी देऊन टाकीन आणि माल भाड्याच्या टेंपोनं पोचवीन.

मग माझं हसणं थांबलं. माझी खोली दुकानाच्या गोदामामागं होती. दोन वेळचं ताट काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या घरधनिणीच्या हातचं. नांदेड जिल्ह्यातून आलेल्या आठवी शिकलेल्या पोराला यापेक्षा जास्त कुणी काय देणार? गाडी गेली की खोली गेली, ताट गेलं. थोडक्यात, मी त्या डब्ब्यात राहत होतो.

माझी आई फोनवर आधी विचारायची, "डब्बा बरा हाय ना?" मग विचारायची, जेवलास का.

गाडीबरोबर एक जाड पुस्तक आलेलं होतं, सगळं इंग्रजी. अण्णांची मुलगी, ताई, तेव्हा अकरावीला होती. तिला रोज सकाळी लातूरला क्लासला सोडायचं काम माझ्याकडं. मी तिला भीत भीत म्हणालो, ताई, वाटेत हे वाचून दाखवाल का. ती म्हणाली, दिवसभर फिजिक्स वाचते, आता जाता जाता पण वाचू? पण वाचलं. रोज दोन पानं. तिला वाटायचं मला अभ्यासाची गोडी लागली. मला फक्त भीतीची गोडी होती.

त्या पुस्तकातून कळलेल्या गोष्टी मी देवाच्या नावासारख्या पाठ केल्या. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढून मागं टाकायचं नाही. उतारावर आधी हँडब्रेक ओढायचा, मग लिव्हर पी-वर, म्हणजे पार्किंगवर. नाहीतर सगळं वजन आतल्या एका बोटभर खुट्टीवर येतं. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचं नाही. हे ऐकून मी हादरलो. आमच्या ड्रायव्हर लोकांत उतार दिसला की न्यूट्रल मारायचं हे लहान मुलाला साखर दाखवण्यासारखं आहे. आणि बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही, उचलून न्यायची. इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद, आतलं सगळं कोरडं फिरतं.

एके दिवशी ताईनं वाचलं की डब्ब्याचं तेल बदलायची गरज नाही, जन्मभराचं आहे. मला हायसं वाटलं. पण तेच वाक्य मिस्त्रींपुढं बोललो तर ते म्हणाले, "कोनाच्या जन्मभराचं? इचारून ये."

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याच पानाखालची बारीक अक्षरं वाचली. गाडी धुळीत चालत असेल, भारी ओझं वाहत असेल, ट्रॉली ओढत असेल, फार उन्हात असेल, कच्च्या रस्त्यावर असेल, तर मात्र तेल लवकर बदलावं. मला वाटलं, कंपनीचा माणूस गुपचूप मुरुडला येऊन आमची गाडी बघून गेला.

अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, वरच्या मोठ्या अक्षरात काय लिहिलंय ते धर. खालचं वकील लोक लिहितात. विषय संपला.

मग ताईनं काकूंना सांगितलं. काकूंनी एवढंच विचारलं, किती दिवस झाले त्या तेलाला? मी म्हणालो, चाळीस हजार किलोमीटर. काकू म्हणाल्या, "आगं बाई. तळणाचं तेल मी तिसऱ्या खेपंला बदलते." आणि अण्णांना न विचारता त्यांनी लातूरहून तेल मागवलं. पुस्तकात लिहिलेलंच, दुसरं नाही. ताई तेलाचा डबा हातात धरून घेऊन आली.

आता ते बदलायचं कुणी? डब्ब्याचे मिस्त्री मुरुडात एकच, आणि ते शर्तीच्या पलीकडच्या बाजूला. मी एका दुपारी अण्णा जेवून झोपल्यावर गाडी घेऊन त्यांच्याकडं गेलो. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. जो माणूस डब्बा मरायची वाट बघतोय, त्याच्याकडंच औषध मागायचं.

मिस्त्रींनी सगळं ऐकलं. तेलाच्या डब्यावरचं नाव वाचलं. मग गाडीखाली गोणपाट टाकलं आणि आत सरकले. जुनं तेल काढलं ते पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरलं, बोटानं चोळलं, नाकाला लावलं. खालची जाळी धुतली, लोहचुंबकावरचा काळा गाळ पुसला. नवं तेल भरताना गाडी सपाट आहे का ते पाण्याच्या बाटलीनं तपासलं. दोन तास गेले. मी म्हणालो, मिस्त्री, तुमची शर्त हाय ना?

ते गाडीखालूनच म्हणाले, "शर्त तोंडाची हाय. तेल हाताचं हाय."

अण्णांनी उठल्यावर विचारलं, कुठं गेला होतास? मी म्हणालो, ग्रीसिंगला. ऐंशी हजाराला पुन्हा असंच ग्रीसिंग झालं. घरात एक अण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अण्णा टपरीवर लोकांना सांगत होते, बघा, तेलाला हात न्हाई लावला अजून.

अशी तीन वर्षं गेली. येळवस आली तेव्हा आकडा नव्व्याण्णव हजारांच्या पुढं होता. लाखाला आठशे-नऊशे किलोमीटर राहिलेले. मी झोपेत आकडे बघत होतो.

त्या दिवशी सकाळी गाडीत सगळी मंडळी, मागं बिंदग्या, भज्जीची, म्हणजे सणाच्या मिसळ भाजीची पातेली, भाकरीच्या दुरड्या, आणि ताईच्या मैत्रिणी. शेतात कडब्याची खोप केलेली, आत पूजेला चुना लावलेल्या दगडांचे पांडव. मी गाडी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत लावली, हँडब्रेक, मग पी, किल्ली काढली. ताई म्हणाली, गाणी लावू द्या ना. सणाचा दिवस. मी किल्ली परत घातली, एक घर फिरवली आणि गाणी सुरू करून दिली. चारी दरवाजे उघडे. इथं माझी चूक झाली, ती मी अजून कुणाच्या माथी मारत नाही. आंबील पिऊन मी खोपीच्या सावलीत पडलो. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत गाणी वाजत राहिली, आणि मग गाणं म्हणणारा हळूहळू घोगरा होत गेला आणि गप्प बसला.

बॅटरी खल्लास. किल्ली फिरवली तर नुसतं टक.

पाहुणे निघायच्या तयारीत. येळवसेला कुणीही कुणाच्या शेतात जेवतं, त्यामुळं मिस्त्रीही आलेले होते, खोपीपाशी पाटावर बसून. अण्णांनी त्यांच्याकडं चोरून पाहिलं. गाडी स्टार्ट होत नाही हे मिस्त्रींना कळणं म्हणजे अर्धी शर्त हरल्यासारखं. तेवढ्यात अण्णांचे मेव्हणे पुढं आले. ताईचे मामा म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांचा ट्रॅक्टर शेतातच होता. म्हणाले, साखळी लावतो, ओढली की स्टार्ट.

मी हळूच म्हणालो, मामा, ही ओढून स्टार्ट होत न्हाई. हिला क्लच न्हाई.

मामा म्हणाले, "आरं, ओढल्यावर बैल बी स्टार्ट होतो."

सगळे हसले. मी पुन्हा सांगितलं की आतला डब्बा कोरडा फिरेल, नाहीतर खुट्टी तुटेल. पण माझा आवाज लहान, मामांचा ट्रॅक्टर मोठा. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मिस्त्रींकडं पाहिलं आणि पाहुण्यांसमोर ताठ होऊन म्हणाले, "बांध साखळी."

तीन वर्षं ज्या डब्ब्याला मी तापू दिलं नाही, तो त्याच्या मालकाच्याच ऐटीपायी पाच मिनिटांत जाणार होता. मग गाडी विकणार, भाड्याचे टेंपो, आणि मी हिमायतनगरच्या एसटीत. मामा साखळी आणायला गेले. किल्ली माझ्या हातात होती. आणि मला एकच गोष्ट सुचली. चाकं विहिरीकडं वळलेली होती. किल्ली नसली तर स्टेअरिंग सुटत नाही. स्टेअरिंग सुटल्याशिवाय गाडी ओढायची म्हणजे सरळ विहिरीत. एवढं तर मामांनाही कळेल.

खोपीपाशी शेवटची बिंदगी होती, वर फडकं अर्धवट बांधलेलं. मी पाणी पिण्याचं निमित्त करून वाकलो. आमच्या माहूरच्या देवीच्या छल्ल्यासकट किल्ली आंबलीत सोडली. आवाजसुद्धा झाला नाही.

मग मी ओरडलो नाही, नुसता खिसे चाचपत उभा राहिलो. चेहरा पांढरा करायची गरज नव्हती, तो होताच. किल्ली हरवली म्हटल्यावर सगळे हरभऱ्यात वाकून शोधायला लागले. मामांनी चाकं पाहिली, विहीर पाहिली आणि साखळी खाली ठेवली. ताईच्या मैत्रिणींनी मोबाईलचे दिवे लावले, अजून ऊन असताना. मी सगळ्यांत जास्त वाकून शोधत होतो. कारण मला माहीत होतं ती तिथं नाही, त्यामुळं शोधण्यात काही धोका नव्हता.

इकडं काकू उरलेली आंबील संपवायला बसल्या. म्हातारी माणसं शोधायला वाकत नाहीत, त्यामुळं प्यायला मिस्त्रीच उरले होते. काकूंनी पळी तळापर्यंत घातली आणि मिस्त्रींच्या पितळी तांब्यात ओतली.

ठक.

मी हरभऱ्यातून मान वर केली. काकूंनी तांब्यात पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मिस्त्रींनी पण आधी तांब्यात, मग माझ्याकडं, मग जमिनीवर पडलेल्या साखळीकडं पाहिलं. डब्ब्याचा माणूस, त्यांना एका नजरेत सगळं कळलं. आणि हेही कळलं की नुसती किल्ली वर उचलून दाखवली की पुढचं काम मामा करतील. शर्त जिंकायला त्यांना एक बोट हलवायचं होतं.

काकू म्हणाल्या, "मिस्त्री, जपून प्या. तळाला खडा हाय."

मिस्त्रींनी तांब्या तोंडाला लावला, डोळे मिटून आंबील शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, मिशा पुसल्या. मग उठून ते गाडीपाशी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की किल्ली सापडेल तेव्हा सापडेल, पण ओढायचा नाद सोडा. अण्णांच्या दुकानाची पाणबुडी मोटारीची केबल गाडीत असेल, ती काढा. मामा, ट्रॅक्टर इकडं तोंड करून लावा. केबलचे दोन तुकडे कापून, टोकं सोलून, त्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी आमच्या बॅटरीला जोडली. दुकानाचा मालक, ट्रॅक्टरचा मालक आणि गॅरेजचा मालक, तिघांच्या मदतीनं गाडी तयार झाली. आणि मग मिस्त्रींनी वाकून बांधाजवळच्या गवतातून किल्ली उचलली.

"ही बघा. इथंच पडली होती."

किल्लीला आंबील लागलेली होती. अण्णांनी ती हातात घेऊन विचारलं, हे काय चिकट? मिस्त्री म्हणाले, सणाचा दिवस हाय, बांधावर बी आंबील शिंपडली असंल.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

पुढच्या पंधरवड्यात लातूर रस्त्यावर लाख पूर्ण झाले. अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरले, बॉनेटला नारळ फोडला. मग माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून म्हणाले, आता ही गाडी विकायचं नाव कोणी काढायचं न्हाई. जणू काही आजवर मीच काढत होतो. मी तुकडा तोंडात टाकला आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, डब्बा बरा हाय ना? मी म्हणालो, लाख झाले आई. ती म्हणाली, मग आता जेव.

पुढच्या येळवसेला मिस्त्रींनी बिंदगी आणली. गावाच्या वेशीपासून शेतापर्यंत, डोक्यावर चुंबळ, एक हात कमरेवर. अण्णा पुढं काठी टेकत चालत होते, वरातीतल्या वरबापासारखे. मागून मी गाडी पायी चालण्याच्या वेगानं आणत होतो. तेलाला हे फार आवडत नाही, पण त्या दिवशी मी तेलाचं ऐकलं नाही.

खोपीपाशी बिंदगी खाली ठेवून मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "आता दोन लाख. ते न्हाई व्हायचे."

अण्णा त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं वळले. तीन-चार वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "काय रं, जाईल का दोन लाख?"

मला कुणी असं मत विचारायची सवय नाही. मी गडबडलो आणि खरं बोललो. "ते मिस्त्रींना इचारा. तेल तेच बदलतेत."

ताईनं तोंडाला ओढणी लावली. अण्णांनी मिस्त्रींकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग ताईकडं, शेवटी काकूंकडं. "म्हंजे शर्तीत माझ्या बाजूनं माझ्याबिगर सगळेच होते," असं हळूच म्हणून खाली बसले. मग त्यांना हसू यायला लागलं आणि ते थांबेना. मिस्त्री म्हणाले, शर्त तरी मीच हरलो ना, डोकं माझं दुखतंय.

मी ताटावर बसायला गेलो. काकूंनी बिंदगीचं फडकं सोडायला हात लावला आणि थांबल्या.

"आधी दोन्ही हात दाखव," त्या मला म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. एकात किल्ली होती. ती त्यांनी काढून आपल्या पदराच्या गाठीत बांधली, आणि मगच फडकं सोडलं.

अण्णांनी विचारलं, हे काय आता?

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "बाहेरगावचं पोरगं हाय. हात धुतले का ते बघितलं."